गरम झालं की बंद पडणारं वीडरचं इंजिन : दुरुस्तीच्या नोंदी

२ जून

मशीन : पेट्रोलवर चालणारा ७ एचपीचा पॉवर वीडर, म्हणजे निंदणीचं यंत्र. इंजिन चार स्ट्रोकचं, एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, २१२ सीसी, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मशीन माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं. अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या आमच्या शिवारात ते कापसात चालायचं. दिवाळीपासून खळ्यात पडून आहे.

तक्रार : थंड असताना बरीच दोरी ओढल्यावर चालू होतं, पंधरा-वीस मिनिटं बरं चालतं, मग ताकद सोडत सोडत बंद पडतं. त्यानंतर कितीही ओढा, दाद देत नाही. तासाभराने गार झालं की पुन्हा चालू, पुन्हा बंद.

यावर आधी झालेला खर्च दादाने वहीतून काढून दिला. प्लग १३०, इग्निशन कॉइल ५५०, अख्खा नवा कार्बोरेटर ८५० आणि मजुरी ६००. म्हणजे २,१३० रुपये गेले आणि दुखणं जिथल्या तिथे. पुढचा सल्ला मिळाला तो नवं इंजिन बसवण्याचा, साडेनऊ हजारांचा. दादाचीही तयारी झालेली. "आते नवंच ली टाकू," म्हणाला. पहिल्या निंदणीपर्यंत थांब, असं मी त्याला सांगितलं.

एकच ठरवून बसलो आहे : भाग बिघडला आहे हे तपासून दिसल्याशिवाय तो बदलायचा नाही. इंजिनाला चालायला तीनच गोष्टी लागतात. वेळेवर ठिणगी, योग्य मापात पेट्रोल-हवा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये ते मिश्रण घट्ट दाबलं जाणं. बंद पडण्याच्या त्या क्षणी तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते कळलं पाहिजे. आतापर्यंत ते कोणीच पाहिलेलं नाही, सगळ्यांनी फक्त भाग बदलले.

३ जून

आप्पांचा पहिला प्रश्न, "टाकीमा पेट्रोल शे का नही, ते पहिले दख." पेट्रोल होतं, पण दिवाळीचं. सगळं काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली ओट्यावर ठेवून दिली. अर्ध्या तासात बुडाशी बोटभर वेगळा थर बसला. वरचं पेट्रोल पिवळट, खालचं गढूळ.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टाकीचा नळ नेमका बुडाशीच असतो. म्हणजे कार्बोरेटरला आधी तोच थर मिळतो. मोटरसायकल रोज फिरते म्हणून तिला हा त्रास जाणवत नाही. वीडर वर्षातले आठ महिने उभा असतो.

टाकी खोलून धुतली. आत गंजाची पूड होती. मूठभर बारीक खडी आणि थोडं रॉकेल घालून हलवली, रिकामी केली, आणि रॉकेल गढूळ यायचं थांबेपर्यंत हेच केलं. नंतर पेट्रोलने विसळून उन्हात वाळवली. आमच्याकडच्या जूनच्या उन्हात टाकी वाळायला वेळ लागत नाही. पेट्रोलची नळी कडक होऊन टोकाशी तडकली होती, ती बदलली. जुन्या नळीत फिल्टरच नव्हता, तो मध्ये टाकला.

५ जून

कार्बोरेटर. नवा टाकलेला बाजूला ठेवला आणि दादाने जपून ठेवलेला मूळचा उघडला. कारण असं की नव्याच्या मेन जेटवरचा (जेट म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) आकडा मूळच्या जेटपेक्षा वेगळा दिसला. इंजिन कारखान्यातून ज्या मापावर आलं त्याच मापावर तपासायचं, नाहीतर नवा गोंधळ वाढतो.

खालची वाटी एका बोल्टवर असते, दहाच्या पान्याने निघते. वाटीत पांढरी-हिरवट बुरशीसारखी खार साचली होती. मेन जेटच्या भोकातून उजेड दिसत होता, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तो साफच वाटला असता. अडचण होती ती लहान जेटमध्ये. रेस स्क्रूच्या खाली प्लॅस्टिकचा छोटा दट्ट्या बसवलेला असतो, तो हळू वर उचकटला की आयडलचा, म्हणजे रेस न देता चालतानाचा, जेट हाती येतो. त्याचं भोक केसाएवढं असतं आणि ते पूर्ण बुजलेलं होतं. दोरी ओढून ओढून हात दुखायचे त्याचं कारण हे.

जेट साफ करायला सुई किंवा स्टीलची तार वापरू नका. जेट पितळेचा असतो, भोक ओरखडून मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक काडी पुरते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक वाटेतून मारला आणि तो दुसरीकडून धार धरून निघतो की नाही ते पाहिलं. फवारा आत जाऊन बाहेर येत नसेल तर ती वाट बंदच आहे असं समजा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण हे औषध कुठल्या भोकातून तोंडावर येईल सांगता येत नाही. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक ठीक होतं. वाटीचं पॅकिंग फुगलं होतं, सेट आणून ते नवं घातलं.

ताजं पेट्रोल टाकून चोक लावला. लगेच चालू झालं, चोक काढल्यावरही आयडलला शांत राहिलं. दादा खूश. मी म्हटलं, अर्धा तास थांब. वीसेक मिनिटांनी आवाज बसत गेला आणि बंद पडलं.

म्हणजे दुखणी दोन होती. थंड असताना चालू न होण्याचं कारण जेटमध्ये होतं, ते सुटलं. गरम झाल्यावर बंद पडण्याचं कारण दुसरंच आहे. ही दोन दुखणी एकच समजल्यामुळे आजवरचा खर्च वाया गेला.

७ जून

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे. असाच त्रास असेल तर निदान एवढी तरी वाचा.

इंजिन मुद्दाम तापवलं. बंद पडायच्या आधीच प्लगचा पाना, पक्कड, जाड हातमोजे आणि एक जादा प्लग हाताशी मांडून ठेवले होते. गरम असतानाच तपासलं तर उपयोग, गार झाल्यावर सगळंच ठीक दिसतं.

बंद पडल्याबरोबर पहिली ठिणगी. जुना प्लग जागेवरच ठेवून टोपी जादा प्लगला लावली, त्याचा धातूचा भाग हेडच्या बोल्टला टेकवला आणि भाच्याला दोरी ओढायला सांगितली. निळी, कडकडीत ठिणगी. प्लग काढून त्याच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नका, आतून पेट्रोलची वाफ येते आणि भडका उडतो. याच वेळी ऑइल कमी झाल्यावर इंजिन बंद करणाऱ्या सेन्सरची पिवळी वायर सोडवून पाहिली. काही फरक नाही. म्हणजे कॉइलही बरी, सेन्सरही बरा.

दुसरं पेट्रोल. वाटीच्या बुडाचा निचऱ्याचा स्क्रू सैल केला, खाली डबी धरली. धार अखंड आली. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी पेट्रोल थोडा वेळ येऊन थांबतं. तिथेही फरक नाही.

तिसरं कॉम्प्रेशन. त्यासाठी काही उघडावंच लागलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, दोरी हलकी लागी ऱ्हायनी." मी ओढून पाहिली. सकाळी गार इंजिनाची दोरी ओढताना हाताला जो अडसर लागत होता, तो जवळजवळ नाहीसा झाला होता. दोरी सरळ येत होती. तासाभराने पुन्हा ओढली तर अडसर परत आलेला.

चोर सापडला. गरम झालं की कॉम्प्रेशन जातं.

"गरम झाल्यावर बंद पडतं म्हणजे कॉइल" हे आपल्याकडे ठरून गेलं आहे. कॉइल गरम होऊन ठिणगी सोडते हे खरंही आहे, मी स्वतः अशा कॉइल पाहिल्या आहेत. पण ते खरं की खोटं हे गरम इंजिनावर दोन मिनिटांत कळतं. ५५० रुपये घालवायच्या आधी ती दोन मिनिटं द्या.

कॉम्प्रेशनचं मीटर आणायचा सल्ला एकाने दिला. या इंजिनांत दोरी सोपी जावी म्हणून कॅमशाफ्टवर डिकॉम्प्रेसर असतो. हळू फिरताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) किंचित उचलून धरतो. त्यामुळे धडधाकट इंजिनातही दोरीवर मीटर कमीच दाखवतं. त्या आकड्यावर इंजिन भंगारात काढू नका.

८ जून

सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण आणि दोरीचं झाकण काढलं. तापण्याचं अर्धं कारण समोर दिसलं.

सिलिंडरच्या पट्ट्यांमधून फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा वाहते, त्यावरच हे इंजिन गार राहतं. सायलेन्सरच्या बाजूच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. काळ्या मातीचा धुरळा, गळालेलं ऑइल आणि कापसाच्या पाल्याचा चुरा मिळून लिंपलेल्या भिंतीसारखा सपाट थर झाला होता. नखाने उकरला तर खाली पट्टीची धार लागायची. पंख्याच्या बाजूला, आवरणाच्या कोपऱ्यात, उंदराने सरकीचे तंतू आणि गोणीचे धागे आणून घर केलेलं. खळ्यात पडलेल्या प्रत्येक मशीनचं हे होणारच. वरून पाहिलं तर मशीन स्वच्छ, कारण पत्रा झाकून टाकतो.

लाकडाच्या पातळ पट्टीने आणि रॉकेल लावलेल्या ब्रशने सगळं काढलं. पाण्याचा जोराचा फवारा मारला नाही, कॉइल आणि कार्बोरेटर तिथेच असतात. आवरण काढलंच आहे तर कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातलं अंतरही पाहून घेतलं. या इंजिनाला ०.४ मिमी लागतं. नवी कॉइल बसवताना ती जवळजवळ टेकवलेली होती. मध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून बोल्ट आवळले.

चालवून पाहिलं. पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकलं, पण शेवटी बसलंच. नुसतं जागेवर चालताना ही गत, तर मातीत काय होणार.

१० जून

टॅपेट, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातलं अंतर. हेडवरच्या झाकणाचे चार बोल्ट काढले. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणायचा. त्यासाठी प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची स्ट्रॉ सोडली, दोरी हळूहळू ओढली आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना स्ट्रॉ सगळ्यात वर आली तिथे थांबलो. थोडं अलीकडे थांबलात तर डिकॉम्प्रेसर एक्झॉस्ट उचलून धरतो आणि माप चुकीचं येतं.

पुस्तिकेतलं माप गार इंजिनासाठी : इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. इनलेटला ०.१५ ची मापाची पट्टी सहज गेली. एक्झॉस्टला ०.०५ ची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा गेली नाही. रॉकर हलवून पाहिला, जराही खेळ नाही.

गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. तिला लांबायला जागा हवी म्हणून तर हे अंतर. जागाच उरली नसेल तर दांडी वर टेकते आणि व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवरून उचलला जातो. तिथून कॉम्प्रेशन निसटतं. गार झालं की दांडी आखडते आणि व्हॉल्व्ह पुन्हा बसतो. तक्रारीतलं अक्षर न् अक्षर याच्याशी जुळतं. अंतर का संपलं? व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपटून बैठकीत आत रुतत जातो, तसतशी त्याची दांडी रॉकरकडे सरकते. बुजलेल्या पट्ट्यांमुळे हेड जास्त तापलं, त्याने ते लवकर झालं. हे इंजिन घेतल्यापासून टॅपेट कोणी उघडलेलंच नव्हतं.

अंतर ०.२० करून आवळलं. चालवलं. चाळीस मिनिटं गेली तरी बंद पडलं नाही. पण रेस दिल्यावर सायलेन्सरमधून मध्येच 'फट्' असा आवाज येत होता आणि दोरीला हवा तेवढा जोर अजून लागत नव्हता. दादाचं म्हणणं, चालतंय ना, राहू दे. मला पटलं नाही. व्हॉल्व्ह इतके दिवस उघडा राहून जळता वायू कडेने गेला असेल, तर कड शाबूत राहणं अवघड.

१३ जून

हेड उघडायच्या आधी गळती कुठून आहे ते नक्की केलं. जुन्या प्लगमधली चिनी मातीची नळी फोडून काढली, उरलेल्या लोखंडी भागाला स्कूटरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह वेल्डिंगवाल्याकडून चिकटवून घेतला. ५० रुपये. हा तुकडा प्लगच्या जागी आवळून पिस्टन वरच्या टोकाला ठेवला आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने साधारण ३० पीएसआय हवा दिली. हवा दिली की पिस्टन खाली जायला बघतो आणि फ्लायव्हील झटक्याने फिरतं, म्हणून एकाने ते घट्ट धरायचं.

मग कान लावायचा. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट. ऑइलच्या भोकातून आला तर रिंगा. हेडच्या जोडावर साबणाच्या पाण्याचे फुगे आले तर हेड पॅकिंग. आमचा आवाज सायलेन्सरमधून येत होता, तोही स्वच्छ, हाताला झुळूक लागेल इतका. ऑइलच्या भोकातून अगदी थोडा, तेवढा चालतो. फुगे नाहीत.

इंजिन खोलायचं काम नाही, फक्त हेड. रिंगा, पिस्टन, बोअर यांना हात लावायचा नाही. साडेनऊ हजारांचा विषय इथे संपला.

१५ जून

हेड काढलं. पुशरॉड (खालून रॉकर उचलणाऱ्या काड्या) काढताना इनलेटची कुठली आणि एक्झॉस्टची कुठली ते पुठ्ठ्याला भोकं पाडून लिहून ठेवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी लोखंडी टोपी असते, इनलेटला नसते. हेड उलटं केलं की ती पडते आणि मातीत सापडत नाही. ग्रीस लावून वाटीत ठेवली. स्प्रिंगला वेगळं हत्यार लागत नाही. वरची चकती बोटांनी दाबून बाजूला सरकवली की मोठ्या छिद्रातून दांडी मोकळी होते. खाली व्हॉल्व्हच्या तोंडाला चिंधी लावून आधार मात्र द्यायचा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उजेडात धरला. कडेचा गोल बराचसा राखाडी आणि एकसारखा, पण एका जागी भाताच्या शिताएवढी पट्टी पांढरट पडलेली. तिथली धार खाल्ली गेली होती, नख फिरवलं की अडकत होतं. हेडमधल्या बैठकीवरही समोरासमोर बारीक खड्डे. इतकुशा जागेतून सात घोड्यांची ताकद निघून जात होती.

इनलेट चांगला आहे. नवा घ्यायचा तो फक्त एक्झॉस्ट. आमच्या तालुक्याला पूर्ण इंजिन मिळतं, सुटा व्हॉल्व्ह नाही. धुळ्याला जावं लागेल. नेताना जुना व्हॉल्व्ह बरोबर न्यायचा आणि दांडीची जाडी, पूर्ण लांबी, डोक्याचा व्यास आणि चकती अडकते तो खाचेचा भाग, चारही गोष्टी शेजारी धरून जुळवायच्या. नुसतं "सात एचपीचा द्या" म्हणू नये, सात एचपीच्या नावाखाली वेगवेगळी इंजिनं विकली जातात.

संध्याकाळी पाऊस आला. चांगला आला.

२२ जून

काही काम नाही. पेरणी. खळ्यात हेड गोणपाटाखाली झाकून ठेवलं आहे, सिलिंडरच्या तोंडात ऑइलची चिंधी.

२४ जून

व्हॉल्व्ह धुळ्यात मिळाला, २२० रुपये. हेड पॅकिंग १६०. घासायची पेस्ट ६०, दोन्ही बाजूंनी उघडणारी डबी, एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक.

बैठकीवरचे खड्डे बारीक होते म्हणून जाड पेस्टने सुरुवात केली. खड्डे खोल असते तर हाताने नादी लागलो नसतो, सरळ खरादवाल्याकडून बैठक कापून घेतली असती. रबरी चोषक लावलेली काठी व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची, तळव्यांत धरून उलटसुलट फिरवायची. थोडं फिरवलं की व्हॉल्व्ह उचलून जरा वळवून परत बसवायचा, नाहीतर एकाच जागी ओरखडे पडतात. जोर लावायचा नाही, पेस्टला काम करू द्यायचं. सुरुवातीला खरखर येते, मग आवाज मऊ होतो. तेव्हा पुसून पाहायचं.

बराच वेळ एका बाजूला काळा ठिपका राहत होता. इथे घाई करण्याचा मोह होतो. ठिपका जाऊन साधारण एक मिलिमीटर रुंदीची अखंड राखाडी कडी दोन्हीकडे दिसली तेव्हाच बारीक पेस्टवर आलो. मग सगळं रॉकेलने धुतलं, परत धुतलं, पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडक्यावर राखाडी डाग उमटतो तोवर पेस्ट शिल्लक आहे. ही पेस्ट सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टन आणि बोअर घासून काढते.

तपासणी : व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवलं, हेड आडवं ठेवून सायलेन्सरच्या भोकात पेट्रोल ओतलं. दहा मिनिटं झाली, आतल्या बाजूला ओलही आली नाही. जुना व्हॉल्व्ह घालून मुद्दाम तेच केलं. थेंब लगेच.

२५ जून

जोडणी. दोन्ही तोंडांवरचा जुना पॅकिंगचा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. ॲल्युमिनियमवर स्क्रू ड्रायव्हर चालवू नका, एक ओरखडा पुरतो. पॅकिंगला कुठलंही सोल्यूशन लावलं नाही.

हेडचे चार बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने आवळले. शेवटचं माप २४ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना मोटरसायकल मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणला. बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यात बसतात, अंदाजाने लांब पान्यावर जोर लावला की आटे येतात हातात.

पुशरॉड खालच्या टॅपेटच्या (इथे टॅपेट म्हणजे कॅमवर बसणारा भाग) खोबणीत बसली आहे हे बोटाने हलवून पाहा. खोबणीबाहेर राहिली तर पहिल्याच ओढीला वाकते. टोपी एक्झॉस्टवर ठेवली, रॉकर लावले, ०.१५ आणि ०.२० माप दिलं. एका पान्याने मधला पिव्हट धरून दुसऱ्याने चेकनट आवळायचं आणि आवळल्यावर पुन्हा पट्टी घालून पाहायचं, कारण आवळताना माप हमखास सरकतं.

दोरी ओढून पाहिली. खांद्याला जाणवेल असा अडसर.

२६ जून

चालू झालं. "व्हयनं चालू!" भाचा अंगणभर ओरडत सुटला. थोडा पांढरा धूर आला, तो आत लागलेल्या रॉकेल-ऑइलचा, लगेच गेला.

पण एक नवं निघालं. रेस आपोआप वर-खाली होत होती, घूं-घूं-घूं, एका लयीत. कार्बोरेटर स्वच्छ असताना हे झालं म्हणजे कुठूनतरी जादा हवा शिरते आहे किंवा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची ओढ चुकली आहे. दोन्ही निघालं. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या काळ्या इन्सुलेटरच्या मागचं पॅकिंग जुनंच राहिलं होतं आणि एका कोपऱ्यात तुटलं होतं. क्लीनरचा फवारा तिथे मारला की आवाज बदलायचा, त्यावरून जागा कळली. आणलेल्या सेटमध्ये ते होतंच, घातलं. गव्हर्नरची स्प्रिंग पूर्वी कोणीतरी दुसऱ्या भोकात अडकवलेली दिसली. मूळ भोकाभोवती रंग झिजून चकाकी आली होती, त्यावरून तिची खरी जागा ओळखली. रेस स्थिर झाली. तास झाला, बंद नाही.

एअर फिल्टर उघडला. ऑइल बाथचा, खालच्या वाटीत ऑइलचा टिपूस नाही आणि स्पंज गायब. आमच्या काळ्या मातीचा कोरडा धुरळा पिठापेक्षा बारीक असतो, तो सरळ सिलिंडरमध्ये जात होता. १३ तारखेच्या तपासणीत रिंगा बऱ्या निघाल्या हे नशीब. नवा स्पंज ऑइलमध्ये बुडवून पिळून घातला, वाटीत खुणेपर्यंत ऑइल. क्रँककेसचं ऑइल बदललं, २०डब्ल्यू-४०, ६०० मिली. जुनं निघालं ते डांबरासारखं काळं. कोळपणीच्या दिवसांत फिल्टर रोज उघडून पाहायचा, हे दादाला आणि मुख्य म्हणजे मशीन चालवणाऱ्या सालदाराला जवळ बसवून दाखवलं.

४ जुलै

वाफसा झाला. कापूस वीतभर. सकाळी लवकर मशीन शेतात नेलं आणि दोन ओळींमधून सोडलं. ब्लेड जमिनीत साधारण दोन इंच. पहिली टाकी संपेपर्यंत एकदाही आवाज बसला नाही. नंतर जी कसोटी मला हवी होती ती घेतली : भर दुपारी, पूर्ण तापलेल्या अवस्थेत मुद्दाम बंद केलं आणि लगेच दोरी ओढली. चालू. हेच आधी जमत नव्हतं.

दादा काही बोलला नाही, दुसरी टाकी भरायला लागला. आप्पा बांधावर बसून होते, त्यांनी विचारलं, "कॉइलनं काम नव्हतं ना मग?"

नव्हतं.

८ जुलै

काही तासांच्या कामानंतर टॅपेट परत तपासलं. एक्झॉस्ट ०.२० वरून ०.१६ वर आलं होतं. नवा व्हॉल्व्ह बसताना एवढं होतंच, म्हणून ही तपासणी टाळू नका. परत ०.२० केलं. प्लगचं टोक फिकट तपकिरी, म्हणजे मूळच्या कार्बोरेटरचं माप बरोबर आहे.

खर्च : पेट्रोलची नळी ४०, फिल्टर ३०, कार्बोरेटरचा पॅकिंग सेट ९०, क्लीनर २४०, वेल्डिंग ५०, व्हॉल्व्ह २२०, हेड पॅकिंग १६०, पेस्ट ६०, स्पंज ७०, ऑइल ३८०, आणि मापाच्या पट्ट्यांचा संच १८०. एकूण १,५२०. यातल्या पट्ट्या पुढेही कामाला येतील. धुळ्याचं जाणं-येणं वेगळं. पेरणीत आणि व्हॉल्व्हची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरला तर महिन्यावर लांबलं. हेड उघडून लागलीच व्हॉल्व्ह मिळाला असता तर हे दोन दिवसांचं काम आहे, मे महिन्यात करावं.

राहिलेलं काम : गिअर बॉक्सच्या डाव्या बाजूचं ऑइल सील पाझरतं. त्याच्या आत गवताचा वेढा बसला असणार, ब्लेड काढल्यावर दिसेल. तोवर गिअर ऑइलची पातळी रोज पाहायची. निंदणी आटोपली की पोळ्याच्या आधी तेवढं उघडणार आहे. सीलचं माप त्याच्यावरच कोरलेलं असतं, ते वाचून मग आणायचं.